मागच्या कोपऱ्यातली र.

मधु आठल्ये यानं आयुष्यात मोठे निर्णय असे घेतलेच नव्हते. फ्लॅट डोंबिवलीत घ्यायचा हे सासऱ्यांनी ठरवलं, स्कूटर विकून टाकायची हे ट्रॅफिक हवालदारानं सुचवलं, आणि मुलीचं नाव कादंबरी ठेवायचं हे तर बायकोनं मुलगी पोटात असतानाच जाहीर केलं होतं. (ती कादंबरी आता एकोणीस वर्षांची आहे, ठाण्याला कॉलेजात जाते, आणि पुठ्ठ्याच्या बांधणीचं काही वाचत असेलच तर ते हॉटेलातलं मेन्यूकार्ड.) ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत मधु सत्तावीस वर्षं आवक-जावक सांभाळत होता. कागद आला की शिक्का मारायचा, गेला की शिक्का मारायचा, मध्ये वाचायचा नाही, एवढं एक तत्त्व त्यानं निष्ठेनं पाळलं होतं.

त्यामुळे माळ्यावरचा पापडांचा डबा काढताना त्याची बायको सुमेधा स्टुलावरून पडली, तिचा पाय सहा आठवड्यांसाठी प्लास्टरमध्ये गेला आणि त्या संध्याकाळी मधु आपणहून म्हणाला, "तू काळजी करू नकोस, वाचनालयाची पुस्तकं मी आणत जाईन," तेव्हा कादंबरीनं हातातला मोबाइल खाली ठेवला.

"तू?" सुमेधानं विचारलं.

"त्यात काय आहे? पुस्तक घ्यायचं, कार्ड द्यायचं, शिक्का मारून घ्यायचा. शिक्क्यांतलं मला कळतं."

सुमेधा शाळेत मराठी शिकवते. आठवड्याला दोन पुस्तकं हा तिचा वीस वर्षांचा रतीब. जेवण एखाद वेळी चुकेल, पुस्तक चुकायचं नाही. प्लास्टरच्या पायाखाली उशी सरकवत ती म्हणाली, "बरं. पण काहीतरी नवीन आण. वेगळं."

सोमवारी मधुनं नवीन दिसणारं पुस्तक आणलं. नवीन, म्हणजे ज्याचं प्लास्टिकचं कव्हर चकाकत होतं असं. सुमेधानं नाव वाचलंसुद्धा नाही. तिनं सरळ एक्केचाळिसावं पान काढलं आणि मधुसमोर धरलं. पानाच्या आकड्याशेजारी पेन्सिलीचं एक बारीकसं टिंब होतं.

"हे काय?"

"माझी खूण. वाचलेलं आहे."

आठवड्याला दोन पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला नावं कुठवर लक्षात राहणार? म्हणून त्या वाचनालयातल्या प्रत्येक जुन्या सभासदाची आपापली खूण ठरलेली होती. कुणी अकराव्या पानावर फुली मारायचं, कुणी शेवटून तिसऱ्या पानावर आद्याक्षरं लिहायचं, एक निवृत्त कर्नल तर तारीख घालून सही करायचे. सुमेधाचं टिंब एक्केचाळिसाव्या पानावर असायचं. गुरुवारी मधुनं दुसरं आणलं. टिंब. पुढच्या सोमवारी तिसरं. टिंब.

"मधु," सुमेधा शांतपणे म्हणाली, "हे मी गेल्याच महिन्यात वाचलं. तुझ्या शेजारी बसून. तू विचारलंससुद्धा होतंस की चांगलं आहे का."

"मग, चांगलं आहे का?" मधुनं विचारलं. (काही माणसांना कुठं थांबावं ते कळत नाही.)

त्या गुरुवारी मात्र तो जिद्दीला पेटून गेला. वाचनालय म्हणजे आडव्या गल्लीतल्या एका इमारतीचा तळमजला. दारात सरोजताई नावाच्या ग्रंथपाल बसायच्या. तीस वर्षांची नोकरी झालेल्या, आणि बोलायचं काम शक्यतो शिक्क्यावर भागवणाऱ्या. मधु एकेक पुस्तक काढायचा, एक्केचाळिसावं पान उघडायचा, टिंब दिसलं की परत ठेवायचा. असं करत करत तो कपाटांच्या रांगा ओलांडून पार मागच्या कोपऱ्यात पोचला. तिथं दिवाही धड नव्हता. एका तपकिरी पुस्तकात टिंब सापडलं नाही म्हणून तो हरखला, आणि सहज पहिलं पान उघडलं, तर वर उजव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं सुबक गोल काढून आत एक अक्षर लिहिलेलं. र.

आणखी कुणाची तरी खूण, मधुनं ओळखलं. पण किती झोकदार! नाहीतर आमचं टिंब.

ते पुस्तक म्हणजे कोकणातल्या एका दीपगृहाच्या रखवालदाराच्या आठवणी होत्या. सुमेधानं संध्याकाळी साडेसातला ते हातात घेतलं. आठला मधुनं खिचडीचं ताट समोर ठेवलं. खिचडी खालून लागली होती, वरून कच्ची होती, आणि मीठ दोनदा पडलं होतं. सुमेधानं ती पानावरची नजर न काढता संपवली आणि वर म्हणाली, "छान झालीय."

दुसऱ्या दिवशी पुस्तक संपवून तिनं चष्मा काढला. मधुकडे तिनं असं काही पाहिलं की त्यानं घाईघाईनं शर्टाची बटणं तपासली.

"कुठून शोधलंस रे हे? वीस वर्षं मी त्या वाचनालयात जाते, माझ्या नजरेला कधी पडलं नाही. कुणी सुचवलं?"

इथं मधुला खरं बोलता आलं असतं. एक लाल र दिसला, उचललं, एवढंच सांगायचं होतं. पण बायकोनं असं कौतुकानं पाहण्याचा प्रसंग त्याच्या वाट्याला यापूर्वी आला होता तो बँकेतल्या लांबलचक रांगेत चुकून पहिला नंबर लागला तेव्हा. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"सुचवायचं काय त्यात?" तो म्हणाला. "चाळलं, बरं वाटलं. माणसाला थोडी नजर असावी लागते."

झालं. तिथून पुढं मधु फक्त र शोधायला लागला. वर्षानुवर्षं आडबाजूची, कुणाच्या खिजगणतीत नसलेली पुस्तकं शोधून काढणारी ही र म्हणजे कुणीतरी जबरदस्त वाचणारी व्यक्ती असली पाहिजे, याबद्दल त्याला शंका उरली नाही. आणि तिची आवड सुमेधाच्या आवडीशी काय जुळत होती! मिठागरात जन्म काढलेल्या एका बाईचं आत्मचरित्र आणलं, सुमेधा रडली. बर्फाच्या प्रदेशातल्या कुठल्याशा चिमुकल्या भाषेतून मराठीत आलेली कादंबरी आणली, सुमेधा दोन दिवस पंखा बंद करून बसली. गुरांच्या डॉक्टरचे अनुभव आणले तर ती इतकी हसली की प्लास्टर हललं. मग डोंगरातल्या एका जमातीच्या गोष्टी, एका सर्कशीतल्या स्वयंपाक्याची रोजनिशी, मधमाश्या पाळणाऱ्या जोडप्याचा पत्रव्यवहार. दर वेळी "वा मधु!", दर वेळी "तुला कसं रे सुचतं!"

चांगली गोष्ट सुमेधाच्या पोटात राहत नाही. सोसायटीच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिनं "आमच्या मधुनं शोधलेली पुस्तकं" अशी यादीच टाकली. दोन दिवसांत जिन्यात बायका त्याला अडवायला लागल्या. "मधुभाऊ, माझ्या सासूबाईंसाठी काही सुचवा ना, दुःखी नको," असं तिसऱ्या मजल्यावरून; "मधुभाऊ, जाड सांगा, पण बारीक अक्षर नको," असं पहिल्या मजल्यावरून. मधु डोळे मिटायचा, कपाळावर बोट ठेवायचा, आणि म्हणायचा, "गुरुवारी सांगतो."

एकच अडचण होती. आणलेलं पुस्तक पुन्हा आणलं तर भांडं फुटणार. म्हणून त्यानं खिशात मावेल अशी एक डायरी केली. कचेरीतल्या सवयीनं नोंदी त्रोटक ठेवल्या आणि सुमेधाच्या हाती लागलीच तर कळू नये म्हणून जरा आडवळणानं लिहिल्या. (कचेरीत सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसानं काहीही आडवळणानं लिहू नये. ते फक्त त्यालाच सरळ दिसतं.)

आणि मग एका शुक्रवारी मधु ठाण्याहून घरी आला तेव्हा सुमेधा सोफ्यावर ताठ बसून म्हणाली, "आलात? चहा घेणार आहात का आपण?"

मधु दारातच थबकला. लग्नाला चोवीस वर्षं झाली. या चोवीस वर्षांत सुमेधानं त्याला 'अरे मधु' याशिवाय काही म्हटलं नव्हतं. सासूबाई मधु म्हणायच्या, मेव्हणे मध्या म्हणायचे, शेजारचं पोरसुद्धा लाडात आलं की मधु म्हणायचं. आणि आज 'आलात'! आज 'आपण'!

शेवटी माणसाला वाचनानं मान मिळतो तो असा, मधुला वाटलं. त्यानं चप्पल नीट जोडीनं काढून ठेवली आणि जरा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "घेऊ. थोडा चालेल."

शनिवारी "आपण अंघोळीला जाता का, पाणी तापलंय," असं झालं. मधुनं कपाटातून लग्नाच्या पंचविशीसाठी राखून ठेवलेला खादीचा झब्बा काढून घातला. रविवारी "आपल्याला आमटी वाढायला सांगू का कादंबरीला," असं झालं. मधुनं "असू द्या, पुरे," म्हणून हात आडवा धरला. सोमवारी तो जेवताना साहित्याबद्दल दोन शब्द बोलला. सुमेधा म्हणाली, "आपण म्हणाल तसं." मधुला इतकं बरं वाटलं की त्यानं आमटी पुन्हा मागितली.

मंगळवारी सकाळी कादंबरीनं त्याला बाल्कनीत गाठलं.

"बाबा, आई तुला चार दिवस अहो म्हणतेय."

"माझ्याही लक्षात आलंय," मधु मिशीत हसला. "वाचनानं काय होतं बेटा, माणसाबद्दलचा आदर हळूहळू—"

"बाबा! आई यापूर्वी तुला अहो कधी म्हणालेली?"

मधु आठवायला लागला. आठवता आठवता त्याचं हसू मावळलं. सहा वर्षांपूर्वी कल्याणला एका लग्नाला गेले असताना तो सुमेधाला हॉलवर विसरून एकटाच रिक्षात बसून घरी आला होता. तेव्हा. तीन दिवस.

"ती चिडलीय?" त्याचा आवाज एकदम मूळ पदावर आला. "पण का?"

"मला काय माहीत! म्हणजे, थोडं माहितीय." कादंबरी त्याच्या झब्ब्याच्या गुंडीशी चाळा करायला लागली. "सॉरी हं बाबा. गुरुवारी मी मशीन लावलेलं ना, तेव्हा तुझ्या पँटच्या खिशात डायरी मिळाली. मला वाटलं, किराण्याची यादी आहे. मी आईला मोठ्यानं वाचून दाखवली."

मधुच्या तोंडचं पाणी पळालं. डायरीत काय काय लिहिलं होतं ते त्याला पहिल्यांदाच दुसऱ्याच्या नजरेनं दिसायला लागलं.

तो आत गेला. सुमेधा पलंगावर डायरी उघडी ठेवूनच बसली होती. डोळे लाल होते. पुस्तकाशिवाय आणखी कशानं ते असे झाल्याचं चोवीस वर्षांत मधुला आठवेना.

"बसा," ती म्हणाली. "वाचू का? 'गुरुवार. संध्याकाळी सहा. र. मागच्या कोपऱ्यात भेटली.'"

"सुमेधा, ते—"

"'सोमवार. तासभर शोधलं, र. कुठंच नाही. फार निराशा.' 'गुरुवार. र. पुन्हा भेटली. आज दोनदा.' 'र. मुळे घरात वातावरण चांगलं आहे.' 'सु. ला अजून काही कळलेलं नाही.'" तिनं पान उलटलं. "आणि हे तर वाचवतसुद्धा नाही. 'र. नसती तर माझं काय झालं असतं!'"

"सुमेधा, र. म्हणजे एक वाचक आहे."

"वाचक की वाचिका?"

"ते… मला माहीत नाही."

"महिनाभर कोपऱ्यात भेटताय आणि माहीत नाही?"

"मी तिला पाहिलंच नाही गं!"

"मग 'भेटली' कोण?"

"खूण! खूण भेटली! खूण स्त्रीलिंगी आहे ना? तूच तर शिकवतेस!"

व्याकरण बरोबर होतं. पण मग तिनं डायरी मिटली. "तुमच्या कचेरीत ती ऋतिका आहे ना? नवीन आलेली? जी तुम्हाला ढोकळा आणून देते?"

"तिचं नाव ऋ नं आहे! ऋषीचा ऋ!"

"ते मला कळतं हो. तुम्हाला कळतं का? आपल्या लग्नाच्या आमंत्रणांवर पत्ते घालताना तुम्ही 'ऋषिकेश' कसं लिहिलं होतंत? र ला उकार देऊन!"

आपलं शुद्धलेखन इतक्या वर्षांनी अंगाशी येईल असं त्याला शाळेत कुणी बजावलं नव्हतं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात शेवंतीआजी होत्या. खाडीकाठच्या गावातल्या, रोज वाचनालयाच्या फाटकाशी मासळीची पाटी घेऊन बसणाऱ्या. त्यांची नात प्राप्ती सुमेधाच्या वर्गात. बाईंचा पाय मोडला म्हणून त्या मधूनमधून डोकवायच्या, आणि आठल्यांकडे मासे चालत नाहीत म्हणून हळहळत शहाळं ठेवून जायच्या.

"बाई, पाय कसा हाय?"

"पाय बरा आहे," सुमेधा म्हणाली. मग मधुकडे न बघता म्हणाली, "आजी, एक विचारू? आमचे हे गुरुवारी वाचनालयात येतात का?"

"येतान ना! दर गुरवारी. मागं कोपऱ्यान जातान. मना खिरकीतशी सगला दिसतं."

मधुचा जीव भांड्यात पडला. साक्षीदार घरी चालून आला होता! "सांगा आजी, सांगा, माझ्याबरोबर कुणी असतं का?"

"कोन नाय. येकलंच आसतान. पुस्तक उघरतान, पयल्या पानाव बोट फिरवतान, नि हसतान."

"हसतात?" सुमेधानं विचारलं.

"हसतान. लगीन ठरल्यावानी."

शेवंतीआजी शहाळं ठेवून गेल्या. मधुला कळून चुकलं की आता फुशारकी सांभाळायची की बायको, यातलं एकच काहीतरी हाती राहणार. तो पलंगाच्या कडेवर बसला आणि सगळं सांगून टाकलं. चाळून बघणं नाही, नजर नाही, काही नाही. लाल गोलातला र दिसला की उचलायचं, एवढीच त्याची रसिकता. "मी एकही पुस्तक वाचलेलं नाही, सुमेधा. तू इतक्या कौतुकानं बघायचीस ना, ते मला फार आवडायला लागलं. म्हणून खरं बोललो नाही. बाकी काही नाही गं, शपथ."

सुमेधानं डायरी उशीखाली सरकवली.

"प्लास्टर उद्या निघतंय," ती म्हणाली. "गुरुवारी मीही येते. बघू तुमची र."

दोन रात्री मधुला झोप लागली नाही. र. खरोखर बाई निघाली तर? आणि गुरुवारी सहा वाजता ती नेमकी त्याच कोपऱ्यात उभी असली तर? त्यानं मनातल्या मनात देवाला सांगितलं की र. म्हणजे रघुनाथ असू दे, रामचंद्र असू दे, निदान बाई असेल तर ऐंशीच्या पुढची असू दे. झब्बा त्यानं कपाटाच्या तळाशी टाकून दिला.

गुरुवारी सुमेधा काठी टेकत रिक्षातून उतरली. तिच्या काखेत पुरावा म्हणून मधमाश्यांचं पुस्तक होतं. मधु मागून तिची पर्स घेऊन चालत होता. ती थेट सरोजताईंच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"सरोजताई, तुमच्याकडे र. अक्षराची खूण करणारं कोण सभासद आहे?"

"र?" सरोजताईंनी शिक्का खाली ठेवला.

सुमेधानं पहिलं पान उघडून बोट ठेवलं. सरोजताईंनी चष्मा वर सरकवून पाहिलं. "हे होय. हे मीच लिहिलंय."

सुमेधानं सरोजताईंकडे पाहिलं. मग मधुकडे पाहिलं. मधुनं पर्स छातीशी घट्ट धरली.

"तुम्ही?"

"मग? लाल पेन्सिल इथं दुसऱ्या कुणाकडे आहे?"

"म्हणजे इतके दिवस ही सगळी पुस्तकं तुम्ही… ह्यांच्यासाठी?"

"ह्यांच्यासाठी कशाला? रद्दीवाल्यासाठी!"

"रद्दी?" मधु ओरडला. वाचनकक्षातले दोन पेपर खाली आले.

"नाहीतर काय रसमलाई? जागा कुठंय आमच्याकडे? दहा वर्षांत जे पुस्तक एकदाही कुणी नेलं नाही, त्याला मी र घालते आणि मागच्या कोपऱ्यात लावते. दिवाळीआधी रद्दीवाला घेऊन जाणार." एरवी दोन शब्दांत बोलणं उरकणाऱ्या सरोजताईंचा आज बांध फुटला होता. "आणि हे तुमचे मिस्टर! महिनाभर माझा नुसता पिच्छा पुरवलाय! एकदा पुस्तक बाहेर गेलं की ते रद्दीत टाकता येत नाही, नियम आहे. ह्यांनी अकरा नेली. वर सोसायटीच्या बायका पाठवल्या, त्यांनी सोळा नेली. माझी यादी मी सत्तावीस वेळा खोडलीय! मला तर वाटलं, समितीनं माझ्यावर गुपचूप माणूस नेमलाय."

आधी सुमेधाच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग खांदे. मग तिनं काठी टेबलाला टेकवली, दोन्ही हातांनी टेबल धरलं, आणि ती हसत सुटली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मधु भाबडेपणानं तिच्याकडे बघत राहिला. बाई नव्हती. कुणीच नव्हतं. तो समोरच्या बाकावर मटकन बसला. एवढं हलकं त्याला गेल्या दोन दिवसांत वाटलं नव्हतं. (आपण महिनाभर अख्ख्या सोसायटीला रद्दी सुचवत होतो, हे त्याच्या ध्यानात यायला आणखी पाच मिनिटं लागली.)

"सरोजताई," सुमेधा डोळे पुसत म्हणाली, "ती राहिलेली पुस्तकं रद्दीत देऊ नका हो. एवढी चांगली पुस्तकं मी कित्येक वर्षांत वाचली नव्हती. मी आपली सगळे जे नेतात तेच नेत होते, आणि काही नवीन येत नाही म्हणून कुरकुरत होते."

"द्यायची नसतील तर न्या," सरोजताई म्हणाल्या आणि पुन्हा शिक्क्याकडे वळल्या. "मागं कोपऱ्यात आहेत."

सुमेधा काठी टेकत मागच्या कोपऱ्यात गेली. तिथून बराच वेळ पुस्तकं काढल्याचा आणि धूळ झटकल्याचा आवाज येत राहिला. परत आली तेव्हा तिच्या हातात तीन जाडजूड पुस्तकं होती. तिन्ही तिनं मधुच्या हातात दिली. सरोजताईंनी यादीतली आणखी तीन नावं खोडली, तीही इतक्या जोरात की कागद फाटला.

बाहेर रिक्षा मिळायला वेळ लागला. मिळाली तेव्हा मधु आधी आत जाऊन बसला आणि नेहमीप्रमाणे मध्यभागी बसला.

"अरे मधु, सरक ना जरा!" सुमेधा म्हणाली.

अरे! मधुला त्या एका शब्दानं भरून आलं. तो इतका सरकला की पलीकडून जवळजवळ बाहेर पडला. रिक्षा सुरू झाली. मधुनं चाचरत विचारलं, "सुमेधा, तुला वाईट नाही ना वाटलं? मला नजर-बिजर काही नाही, कुणी हात न लावलेलं उचलून आणत होतो, म्हणून?"

"त्यात वाईट काय वाटायचं?" सुमेधा बाहेर बघत म्हणाली. "तू तरी मला कसा सापडलास?"

"कसा म्हणजे? पत्रिका जुळली, वधूवर मंडळातून."

"मंडळातूनच. मी फायली चाळून चाळून कंटाळले होते, सगळी स्थळं एकसारखी. तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, खाली एक गठ्ठा आहे, चार वर्षांत कुणी विचारलेला नाही, तो या शनिवारी काढूनच टाकणार आहोत. हवा तर बघा. त्यात सगळ्यात खाली तुझा फॉर्म होता."

ही गोष्ट मधुला चोवीस वर्षांत कुणी सांगितली नव्हती. रिक्षावाल्यानं आरशातून त्याच्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. मधुनं मांडीवरची पुस्तकं उगाच सारखी केली आणि जरा आशेनं विचारलं, "पण बरा निघालो ना?"

सुमेधानं त्याच्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मधे जरा जाड झालंय," ती म्हणाली, "पण वाचवतं."

मधुनं पोट आत घेतलं आणि सोसायटीच्या फाटकापर्यंत तसंच धरून ठेवलं.